तीन चाकी बाबागाडीचं एकमेव गिऱ्हाईक

आमच्या दुकानात गोपाळराव नावाचं एक बाळ होतं. रंग काळा, वजन चार किलो, डोक्यावर लाल टोपडं, अंगाभोवती पिवळं दुपटं. रडणं नाही, भूक नाही, दात येण्याची कटकट नाही. नव्वदच्या दशकात आमच्या नगर जिल्ह्यात जी बाळं बाबागाडीत बसली, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गाडीत आधी गोपाळराव बसून गेलेले होते. त्या बाळांना हे ठाऊक नाही. आता ती मोठी झाली असतील, नोकऱ्या करत असतील. त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये.

गोपाळराव म्हणजे वरवंटा. पाट्यावर मिरची वाटायचा, तोच. हसू नका, त्याच्याशिवाय आमचा धंदा चालत नव्हता. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाच्या पोटात दुखतं, हे आपल्याकडं दीड शहाण्यालाही माहीत असतं. जे पाळण्याला तेच बाबागाडीला. आता गाडी घ्यायची म्हणजे ढकलून बघायला हवी. ढकलायची तर आत कुणीतरी हवं. आणि खरं बाळ बाजारात आणायचं नाही, कारण दृष्ट लागते. असा तिहेरी पेच. गिऱ्हाइकं यायची, गाडीभोवती देवळाभोवती फिरावं तशी फिरायची, बोटानं चाक दाबून बघायची आणि निघून जायची. मग मला आठवलं, बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटाच निजवतात. दुसऱ्या दिवशी मी घरचा वरवंटा पिशवीत घालून दुकानात नेला. माझ्या घरात तसाही तो बेकारच होता. एकट्या माणसाला चटणी लागते किती?

त्या दिवसापासून मी सेल्समनचा नट झालो. गिऱ्हाईक आलं की मी आतल्या खोलीतून गोपाळरावांना खांद्यावर थोपटत बाहेर यायचो. "हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुरुष आधी दचकायचे, मग हसायचे. मी गोपाळरावांना गाडीत ठेवून कापडबाजाराच्या गर्दीतून एक फेरी मारून आणायचो आणि परत आल्यावर दुपटं बाजूला करून म्हणायचो, "बघा, जाग आली नाही." शेठ गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायचे, पण गाडी खपायची.

बाबागाडी कशी निवडावी, हे कुणी विचारलं की मी छाती फुगवून सांगायचो. चाक मोठं बघा, आपल्या रस्त्यावर लहान चाक खड्ड्यात बसतं आणि बाळ तोंडावर येतं. पट्टा कमरेला हवा आणि दोन पायांच्या मधूनही हवा. ब्रेक पायानं लागला पाहिजे, कारण हातात भाजीची पिशवी असते. घडी घालताना बोट चेमटतं का बघा. मात्र स्वतःचं बोट घालू नका, नवऱ्याचं घाला. हे सगळं लोक मान डोलावत ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "लाल रंगात आहे का?"

खरं म्हणजे आपल्याकडं बाबागाडी हे वाहन नव्हतंच, ते फर्निचर होतं. बाळ कडेवर जायचं आणि गाडी बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी उभी राहायची. तिच्यात बसवून बाळाचा फोटो काढायचा, की झालं. भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरातून एक आजोबा आले होते. नातवासाठी मोठ्या हौसेनं गाडी नेली, ती एसटीच्या टपावर टाकून. वर्षभरानं बाजारात भेटले. विचारलं, "काय बाबा, गाडी कशी आहे?" म्हणाले, "एक लंबर! पिठाची गोनी गिरनीपसून घरापतुर लोन्यावानी येती." नातू? नातू मागून चालत येत होता म्हणे.

या धंद्याची एक गंमत सांगतो. चहावाल्याकडं गिऱ्हाईक रोज येतं, न्हाव्याकडं महिन्याला. आमच्याकडं एकदाच. मूल वर्षाचं झालं की चालायला लागतं, गाडी माळ्यावर जाते, आणि ते घर परत आमची पायरी चढत नाही. पुढचं भावंड त्याच गाडीत. मी एवढे पाळणे विकले, एवढ्या गाड्या विकल्या. त्यांतलं एकही बाळ त्यांत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आचाऱ्याला पंगत दिसू नये तसं. संध्याकाळी शटर ओढताना मी गोपाळरावांचं टोपडं काढून खुंटीला लावायचो आणि खोलीवर जायचो.

तर ती तीन चाकी. मुंबईच्या व्यापाऱ्यानं नेहमीच्या मालात चुकून एक वेगळंच खोकं पाठवलं. उघडलं तर आतून निघाली तीन चाकांची बाबागाडी. पुढं एक, मागं दोन. चाकं सायकलसारखी हवेची, आणि ढकलायला दोन मुठींऐवजी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवा दांडा. परदेशात आयाबाया बाळाला घेऊन पळायला जातात, त्यांच्यासाठी असते, असं व्यापारी फोनवर म्हणाला. आमच्याकडं बाळाला घेऊन कोण पळतं? मुलं पळवणारी टोळी!

नगरकरांनी तिचं पहिल्याच दिवशी बारसं केलं. "टमटम." एकानं विचारलं, "मागं किती शीटं बसत्यात?" दुसरा म्हणाला, "परमिट कुठलं, नगर-भिंगार का?" चेष्टा परवडली, पण खरी अडचण आकड्याची होती. तीन तिगाडा, काम बिगाडा. तीन माणसं कामाला निघाली तर खिशात खडा घेऊन चौथा करणारे आपण लोक; तान्ह्या बाळाला तीन चाकांवर कोण बसवणार? एक बाई म्हणाल्या, "चौथं चाक लावून देता का, नुसतं नावाला?" शेवटी शेठ वैतागले. "टांग हिला वर." मी तिला छताच्या हुकाला टांगली. तिथं ती धूळ खात दोन दिवाळ्या लोंबकळली.

एका दुपारी दुकानात एक तिशीचा सडपातळ माणूस आला. उजवा हात पँटच्या खिशात. मागं एक उंच बाई, नऊवारी, डोक्यावर पदर. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"जयभीम. गाडी पायजे. पोरगी नऊ म्हैन्यांची हाय," तो म्हणाला. "पन एका हातानं चालली पायजे."

मी रंगात आलो. "एका हातानं? साहेब, आमच्याकडं एका बोटावर चालणाऱ्या गाड्या आहेत!"

त्यानं खिशातून उजवा हात बाहेर काढला. अंगठा होता. बाकी पंजा अर्ध्यातून सपाट.

"बोट एकच ऱ्हायलंय," तो शांतपणे म्हणाला. "पन ते काय धरत न्हाई."

मी जवळच्या गाडीची मूठ फडक्यानं पुसू लागलो.

त्याचं नाव प्रकाश साळवे. नागापूरला एमआयडीसीत प्रेसवर होता. पत्र्यावर साचा आपटून भाग कापणारं मशिन, त्याला प्रेस म्हणतात. पत्र्याबरोबर हात गेला. आता नोकरी नव्हती. बायको एका दवाखान्यात कामाला जायची. घरी दिवसभर तो आणि मुलगी.

"आन् मी," दारातून बाई म्हणाली. ही त्याची सासू. साळव्यानं मामाची मुलगी केलेली, त्यामुळं लग्नानंतरही तो तिला मामीच म्हणायचा. त्याचा हात गेल्यावर लेकीच्या मदतीला म्हणून ती पुणतांब्याहून आली होती आणि राहिली होती.

"ह्याच्या हातनं एकदा सुटली पोर," मामी मला सांगू लागली, जणू तो तिथं नव्हताच. "खाली गादी हुती म्हनून. न्हाईतर काय झालं असतं?"

"तवापसून मला घेऊ देत न्हाईत," साळवे म्हणाला.

"न्हाईच देनार."

"नका देऊ. उचलायचं न्हाई जमत तर न्हाई." मग तो माझ्याकडं वळून आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, पोरगी मला वळखत न्हाई. शेजारनीकडं झेप घेती, माझ्याकडं बघून रडती. निदान फिरवून आनीन म्हनतो. रोज. मंग वळखंल का न्हाई?"

मी गोपाळरावांना आणायला आत गेलो. खरं सांगायचं तर तोंड लपवायला गेलो. बाहेर आलो ते नेहमीसारखं थोपटत. "हळू बोला..."

"ह्ये काय?" मामी पहिल्यांदा आत आली. "वरवंटा व्हय? मिरची वाटायच्या दगडाला टोपडं?"

मी रिकाम्या गाडीचं कारण सांगितलं. मामी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "आमच्या सासऱ्यानं धर्म बदलला तवा घरातलं समदं देव टोपल्यात घालून गोदावरीत सोडलं. तवापसून आमी शकुन पाळत न्हाई. तीन म्हना, तेरा म्हना. प्रकाश, ढकल रं रिकामी."

आणि साळव्यानं मधली एक गाडी धरून रिकामी ढकलली. त्या दुकानात हे पहिल्यांदाच घडत होतं. शेठनी गल्ल्यावरूनच डोळे मिटले.

गाडी चालली नाही. म्हणजे चालली, पण खेकड्यासारखी. दोन वेगवेगळ्या मुठी असलेल्या गाडीची एकच मूठ ढकलली की ती गोल फिरते. दुसरी घेतली, तीही फिरली. तिसरी पाळण्यांच्या रांगेत घुसली. साळवे घामाघूम झाला. मग त्यानं मान वर केली. छताकडं बोट न दाखवता नुसतं बघितलं.

"ती वरची?"

मी स्टुलावर चढून टमटम खाली उतरवली. धूळ पुसली, हवा भरून आणली. साळव्यानं आडव्या दांड्याच्या मध्यावर डावा हात ठेवला आणि ढकललं. सरळ गेली. मनगट किंचित दाबलं, वळली. त्यानं दुकानात एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसरीला त्याच्या चेहऱ्याकडं बघून शेठही हिशेब विसरले.

"कलंडंल," मामी म्हणाली. "तीन चाकं हायेत. टेम्पो कलंडत्यात ते काय बघितलं न्हाईत का?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण समोर प्रेक्षक आणि हातात गाडी! "मामी, कलंडत नाही. दाखवतो." गोपाळरावांना आत टाकलं, रस्त्यावर आलो, आणि पानाच्या टपरीसमोर एक झोकदार वळण घेतलं. अगदी रंगमंचावर घ्यावं तसं. आता पट्टा बाळाच्या कमरेला असतो. वरवंट्याला कंबर कुठून आणायची? वळणावर गोपाळराव गडगडत एका अंगाला गेले, त्यांच्यामागं गाडी, आणि सगळी मिरवणूक गटारात.

बाजार हसला. टपरीवाला ओरडला, "बाळ पडलं! बाळ पडलं!"

मामी हसली नाही. गटारातल्या लाल टोपड्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "बघितलं? घरी चल," ती जावयाला म्हणाली.

साळवे हलला नाही. "दगड व्हता म्हनून पडला. मानूस वळनाला आत झुकतं, दगड झुकतो का? पट्टा लावला की पडायची न्हाई. मामी, एकदा बसवून बघू. एकदा."

मामी मला म्हणाली, "हितं न्हाई. ह्या गर्दीत न्हाई. आमच्या गल्लीत आनून दावा. न्हाई आवडली तर परत न्यायची."

शेठ नाही म्हणाले असते, पण ती गाडी जायची म्हटल्यावर ते मला विमानानं पाठवायलाही तयार होते.

दुसऱ्या दिवशी गाडीची घडी मोपेडच्या मागं बांधून मी नागापूरला गेलो. पत्र्याच्या खोल्यांची रांग, समोर नळ, पुढं उतार, टोकाला गिरणी. मामी दारातच होती. तिच्या कडेवर ती. प्रज्ञा नाव. जावळ अजून काढायचं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी तोंडाचा चंबू केला तर तिनंही केला. मी गाडी उलगडली. बसण्याची जागा पुसली. दोनदा पुसली.

मामीनं मुलीला आत ठेवलं. स्वतः पट्टा आवळला, ओढून बघितला, पुन्हा आवळला. पुढच्या चाकापुढं पाय आडवा घातला आणि जावयाला म्हणाली, "हळू जा. नळापतुर. वळायचं न्हाई."

"व्हय."

"उताराला जायचं न्हाई."

"व्हय, मामी. पाय काढा."

तिनं पाय काढला. गाडी निघाली. नळापर्यंत गेली. प्रज्ञानं मागं वळून पाहिलं, गाडी ढकलणारा बाप दिसला आणि तिनं भोकाड पसरलं. मामी दोन पावलं पुढं धावली. साळवे थांबला नाही. चालता चालता तो काहीतरी बोलत होता, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. नळ गेला. रडणं थोडं बारीक झालं. पुढं उतार होता. तिथं त्यानं खिशातला दुसरा हात बाहेर काढला आणि तो सपाट पंजा दांड्यावर टेकवून उतार सांभाळला. वळण आलं. गाडी वळली, पडली नाही, आणि गिरणीच्या मागं दिसेनाशी झाली. रडण्याचा आवाजही बंद झाला.

"पडली नाही," मी म्हणालो. मला टाळी वाजवावीशी वाटत होती.

मामी गिरणीच्या दिशेनं बघत होती. कडेवर आता काही नव्हतं, तरी ती कंबर एका बाजूला काढूनच उभी होती.

"चांगली हाय गाडी," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "आता माझं काय काम हाय हितं?"

मी म्हणालो, "असं कसं मामी..."

"पुनतांब्याला घर हाय माझं. मालक गेलं. ल्योक सुरतंला, त्यो काय येत न्हाई. दोन भाकरी थापायच्या. एक मी खायची, एक कुत्र्याला. कुत्रं बी आपलं न्हवं, गावाचं." तिनं पदरानं ओठ पुसले. "मला वाटलं हुतं, ही चालाय लागंपतुर तरी ऱ्हाईन. तुमी काल कलंडवली ना गाडी, तवा मला भ्या वाटलं. आन् मनात बरं बी वाटलं. खोटं कशाला बोलू? तुमच्या घरी कोन कोन?"

हा प्रश्न मला बाजारात रोज विचारत. त्यावर माझी ठेवणीतली उत्तरं होती. एकेकाला हसून ठसका लागायचा.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"मंग तुमाला कळंल," ती म्हणाली आणि आत गेली. दारातून मला दिसत होतं. दांडीवरची दोन लुगडी तिनं घडी करून पिशवीत भरली. मिश्रीची बारीक डबी ठेवली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडले. मी गाडीचं रिकामं खोकं उगीच उघडत-मिटत उभा होतो. एक मोठी विक्री केली होती मी. एका माणसाचं एकटेपण घेऊन दुसऱ्याच्या पदरात बांधलं होतं.

साळवे परत आला तेव्हा हसत होता. प्रज्ञा झोपली होती, मान एका बाजूला, मूठ मिटलेली. "गिरनीचा पट्टा बघत ऱ्हायली," तो कुजबुजला. "मंग माझ्याकडं बघितलं. रडली न्हाई."

मग तो दाराशी आला आणि थांबला. दाराला दोन पायऱ्या होत्या. गाडी आत जाणार नव्हती. ऊन गाडीच्या टपाखालून मुलीच्या तोंडावर येऊ लागलं होतं. तिला उचलायला हवं होतं.

एवढ्या गाड्या निवडून दिल्या मी, पण ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. गाडी मूल फिरवते. उचलत नाही.

मामी पिशवी हातात घेऊन दारात आली. साळव्यानं पिशवी बघितली. मधे मी. माझे हात पुढं झाले होते. खरंच झाले होते. उभ्या जन्मात मी टोपडं घातलेला दगडच तेवढा थोपटला होता, आणि समोर हातभर अंतरावर झोपलेलं बाळ होतं, आणि ते उचलणारं मोकळं माणूस मी एकटाच होतो. कुणी मला नाही म्हणालं नसतं.

मी हात मागं घेतले आणि पाठीशी बांधले.

मुलगी चुळबुळली. ऊन डोळ्यांवर आलं, तोंड वाकडं झालं.

"मामी," साळवे म्हणाला. "उचला की."

"तू हायेस की आता."

"मी फिरवनार. घालायला-काढायला कोन? तुमी निघाल्यावर गाडी काय भिंतीला लावून ठिवू?"

मामीनं पिशवी तिथंच पायरीवर टाकली. पट्टा सोडला, मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि आत वळली. मी दारातून म्हणालो, "येतो मी." साळव्यानं मान हलवली, पण त्याचं लक्ष आत होतं. चहा विचारायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही, आणि ते बरंच झालं. घेतला असता तर उठणं जड गेलं असतं.

मी मोपेडजवळ आलो. आतून आवाज सुरू झाले.

"उताराला न्हाई जायचं म्हनलं हुतं का न्हाई?"

"पडली का?"

"पडली असती म्हंजी?"

"पडली न्हाई ना पन."

"उनाची टोपी कुठं हाय तिची? टाकली का वाटंत?"

"हाय हितंच गाडीत."

"गाडीत न्हाई, डोक्यावं घालायची असती ती! एवढं शिकवाय मी हितं जलमभर बसू व्हय?"

"बसा की. कोन उठवतंय?"

माझी मोपेड त्या काळी पहिल्याच पेडलला सुरू व्हायची. तरी मी स्टँडवर चढवून, पेट्रोलचा कॉक बंद ठेवून, बराच वेळ पेडल मारत राहिलो. शेजारच्या एका बाईनं विचारलं, "बंद पडली का भाऊ?" मी म्हणालो, "हो ना. चालूच होत नाहीये."